फोम-कॅनव्हास ट्रेलर

मोटारगाडीच्या मागे जोडून ओढून नेण्याजोगे व आत एक-दोन माणसांना झोपता येईल एवढे लहान, हलके फिरते निवासस्थान. याच्या भिंती व छप्पर आणि पुष्कळदा तळही फेसाळ प्लॅस्टिकच्या (फोमच्या) तक्त्यांचे असतात. तक्त्यांच्या दोन्ही पृष्ठांवर सुती कॅनव्हास आसंजकाने (चिकटविणाऱ्या पदार्थाने) बसवून त्यावर रंगाचे लेप देतात. असे ट्रेलर कारखान्यात क्वचितच तयार होतात. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांतील हौशी लोक ते आपल्या घराच्या आवारात, साध्या हत्यारांनी बांधतात. या रचनेतील फोम नखाने कोरता येतो व कॅनव्हास सहज घडी घालता येतो. परंतु ते एकजीव झाले म्हणजे त्यांपासून ताठ व भार पेलणारे पटल तयार होते. म्हणजेच या ट्रेलरचे बळ कोणत्याही एका द्रव्यात नसून त्यांच्या जोडणीत असते. बांधणीतील बहुतेक नियम व बहुतेक अपयशे या एका गोष्टीवरून समजू शकतात.

इतिहास : केवळ सहलीसाठी फिरते घर वापरण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये सुरू झाली. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश वैद्य-लेखकाने १८८५ मध्ये ब्रिस्टल येथे ‘वाँडरर’ नावाची निवासी गाडी बांधवून घेतली. ती लाकडी व अवजड असून दोन घोडे ती ओढत. मोटारगाडीचा प्रसार झाल्यावर ओढणाऱ्या यंत्राची शक्ती वाढली, तरी वजनाचा प्रश्न कायम राहिला. तो सोडविण्यासाठी विमानबांधणीतील तंत्रे उपयोगी पडली. विमानविद्येतील अग्रणी ग्लेन कर्टिस यांनी १९२० नंतरच्या दशकात हलक्या बांधणीचा ‘एअरोकार’ ट्रेलर तयार केला. हॉली बोलस यांनी १९३४ मध्ये ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पत्रे रिव्हेटांनी जोडून ‘रोड चीफ’ हा ट्रेलर बांधला. चार्ल्स लिंडबर्ग यांच्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लूइस’ या विमानाच्या बांधणीत बोलस यांचा सहभाग होता. याच सुमारास जागतिक मंदीच्या काळात अश्रुबिंदूच्या आकाराचे लहान ट्रेलर अमेरिकेत लोकप्रिय झाले. पुढील बाजू गोलाकार, मागे निमुळता उतार, आत केवळ शय्या आणि मागील उचलत्या झाकणाखाली स्वयंपाकाचा ओटा, असे त्यांचे स्वरूप असे. मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड या मासिकाने १९४७ मध्ये अशा ट्रेलरचे आराखडे छापले व त्यांवरून अनेकांनी घरी ट्रेलर बांधले. हे ट्रेलर लाकडी चौकट, प्लायवूड व पत्रा यांचे असत. फोम-कॅनव्हास ट्रेलर हा याच परंपरेतील एकविसाव्या शतकातील प्रकार होय.

त्यात वापरण्यात येणारी द्रव्ये व युक्त्या मात्र जुन्या आहेत. मेन या अमेरिकेतील राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडी होड्यांवर ताणून बसविलेला व रंगलेप दिलेला कॅनव्हास जलरोधक कवच म्हणून वापरला जाई. रेल्वेच्या लाकडी डब्यांच्या छपरांवरही रंगविलेला कॅनव्हास असे. आरंभीच्या विमानांचे पंख कापडाने मढवून त्यांवर सेल्युलोजयुक्त लेप देत. लेप वाळताना कापड आक्रसून ताठ होई. दोन पातळ पत्र्यांमध्ये हलका गाभा घालण्याची कल्पना डी हॅविलंड कंपनीच्या ‘मॉस्किटो’ विमानात (पहिले उड्डाण १९४०) प्रभावीपणे वापरली गेली. त्यात बर्च लाकडाच्या पातळ प्लायवूडमध्ये बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाचा गाभा होता. बर्ट रूटन यांच्या ‘व्हॅरीईझी’ या विमानाने (१९७५) फोमचा गाभा कापून त्यावर साच्याविना काचतंतू व रेझीन चढविण्याची पद्धत हौशी कारागिरांच्या आवाक्यात आणली. काचतंतूंच्या जागी कॅनव्हास व महागड्या रेझिनाच्या जागी सुतारकामाचे आसंजक आणि घराचा रंग वापरला की ट्रेलरची प्रस्तुत पद्धती तयार होते. तिला हौशी मंडळी थट्टेने ‘गरिबाचे काचतंतू’ असे म्हणतात.

रचनातत्त्व : पटल वाकू लागले म्हणजे त्याच्या एका पृष्ठावर ताण व दुसऱ्यावर दाब (संपीडन) येतो, मध्यभागी दोन्ही जवळजवळ शून्य असतात. त्यामुळे बळकट द्रव्य मध्यापासून जितके दूर ठेवावे तितके ते अधिक उपयोगी पडते. एका भरीव पत्र्याचे मधोमध दोन पातळ पत्रे केले व त्यांमध्ये गाभा घालून एकूण जाडी मूळच्या दुप्पट केली, तर ताठपणा सु. ७ पट होतो. जाडी चौपट केल्यास तो सु. ३७ पट होतो. गाभा अत्यंत हलका असल्याने वजन मात्र किंचितच वाढते. दोन्ही पृष्ठे एकमेकांवरून सरकू नयेत म्हणून गाभ्याला कर्तन प्रेरणा (एक थर दुसऱ्यावरून सरकविणारी प्रेरणा) सहन करावी लागते. ही प्रेरणा पृष्ठाकडून गाभ्याकडे आसंजकाच्या थरातूनच जाते. तो थर सुटला की उरतो तो एक मऊ तक्ता व दोन सैल कापडे. ३७ पट ताठपणा त्या क्षणी नाहीसा होतो.

कॅनव्हास हा ताण चांगला सोसतो. परंतु दाब सोसण्याची त्याची क्षमता त्यात मुरलेल्या आसंजकावर व पाठीशी असलेल्या फोमच्या आधारावर अवलंबून असते. दाब वाढल्यास तेथे सुरकुती पडते व तेथूनच बिघाड सुरू होतो. म्हणून फोम-कॅनव्हास पटल काचतंतूंच्या पटलाइतके बळकट मानता येत नाही. ट्रेलरच्या भिंती व छपरावर भार मुख्यतः वाऱ्याचा व हादऱ्यांचा असतो आणि तो पसरलेला असतो. अशा भारास ते पुरेसे ठरते. एका बिंदूवर एकवटणाऱ्या भारास, उदा., बिजागरी, कुलूप, दिवा किंवा छपरावर ठेवलेला गुडघा, ते पुरे पडत नाही.

वजनाचा हिशेब : २·४ मी. लांब, १·२ मी. रुंद व १·२ मी. उंच पेटीचे एकूण क्षेत्रफळ १४·४ चौ. मी. होते. ती १२ मिमी. जाडीच्या प्लायवूडची केल्यास (घनता घ. मी.ला ६०० किग्रॅ. धरून) नुसत्या प्लायवूडचे वजन सु. १०४ किग्रॅ. भरते, चौकट व पत्रा वेगळाच. तीच पेटी ५ सेंमी. जाडीच्या, घ. मी.ला ३० किग्रॅ. घनतेच्या फोमची केल्यास फोमचे वजन सु. २२ किग्रॅ. होते. दोन्ही बाजूंच्या कॅनव्हासचे सु. १० किग्रॅ. आणि वाळलेल्या आसंजकाचे व रंगाचे सु. १२ किग्रॅ. धरले, तरी एकूण ४५ किग्रॅ.च्या आतच राहते. लोखंडी सांगाडा, चाके, लाकडी पट्ट्या, दारे व सामान मिळून असा ट्रेलर सर्वसाधारणपणे ३०० ते ४५० किग्रॅ.चा होतो व लहान गाडीलाही तो ओढता येतो. वजन कमी झाल्याचा लाभ चढावर, वेग घेताना व विशेषतः ब्रेक लावताना मिळतो. सपाट रस्त्यावर वेगाने जाताना मात्र हवेचा रोध प्रभावी असतो व तो वजनावर नव्हे, तर आकारावर अवलंबून असतो. म्हणून पुढील कडा गोलाकार करणे हे केवळ शोभेसाठी नसते.

द्रव्ये : गाभ्यासाठी निःसारित पॉलिस्टायरीन फोम वापरतात. स्वीडिश अभियंते कार्ल मुन्टर्स यांनी फेसाळ पॉलिस्टायरिनाचे एकस्व (पेटंट) मिळविले होते. पुढे अमेरिकेतील डाऊ केमिकल कंपनीने १९४० नंतरच्या दशकात ‘स्टायरोफोम’ या नावाने तो बाजारात आणला. घरांच्या उष्णतानिरोधनासाठी त्याचे २·४ मी. लांब व १·२ मी. रुंद तक्ते मिळतात. त्याची कोष्ठे बंद असल्याने पाणी फारसे शिरत नाही. वस्तूंच्या वेष्टनात वापरला जाणारा, दाणे एकत्र फुगवून केलेला पांढरा थर्मोकोल हाही पॉलिस्टायरीनच असतो. परंतु दाणे सुटत असल्याने व दाण्यांमधील फटींत पाणी राहत असल्याने तो येथे कमी प्रतीचा ठरतो.

आवरणासाठी न रंगविलेला, न धुतलेला सुती कॅनव्हास घेतात. अमेरिकेत रंगकामाच्या वेळी जमिनीवर अंथरण्यासाठी मिळणारे कापड त्यासाठी रूढ आहे. न धुतलेले कापड ओले होऊन वाळताना आक्रसते व फोमवर ताणून बसते. आसंजक म्हणून पाण्यातील पायसाच्या (इमल्शनाच्या) स्वरूपातील, पॉलिव्हिनिल ॲसिटेटयुक्त, सुतारकामाचे जलरोधक आसंजक वापरतात. पॉलिव्हिनिल ॲसिटेटाचा शोध जर्मनीत फ्रिट्झ क्लाटे यांनी १९१२ मध्ये लावला. साधे पांढरे आसंजक पाण्याने पुन्हा मऊ पडत असल्याने बाहेरील बाजूस चालत नाही.

द्रव्यांची निवड करताना पॉलिस्टायरिनाचा एक दोष सतत लक्षात ठेवावा लागतो. ॲसिटोन, पेट्रोल, टर्पेंटाइन यांसारखी विद्रावके त्यास विरघळवितात. पॉलिएस्टर रेझिनात स्टायरीन असल्याने तेही फोम खाऊन टाकते. एपॉक्सी रेझीन तसे करीत नाही. तेलरंग, संपर्क-आसंजके व फवाऱ्याचे रंग यांचा उपयोग कापलेल्या तुकड्यावर चाचणी घेतल्याखेरीज करीत नाहीत.

बांधणी : प्रथम सांगाड्यावर प्लायवूडचा किंवा लाकडी कडा बसविलेल्या फोमचा तळ करून तो बोल्टांनी पक्का करतात. बाजूच्या भिंतींचा आकार कागदावर पूर्ण मापात काढून त्याबरहुकूम फोम कापतात. तापलेल्या तारेने काप गुळगुळीत येतो. परंतु त्यावेळी निघणारी वाफ अपायकारक असल्याने हे काम उघड्या जागी करतात. वक्र छपरासाठी तक्त्याच्या आतील बाजूस समांतर खाचा पाडतात. तक्ता वाकवून खाचा आसंजकाने मिटविल्या की वक्रता कायम राहते.

तक्त्यास तक्ता जोडण्यासाठी पाण्यातील आसंजक उपयोगी पडत नाही. दोन्ही बाजूंस बंद कोष्ठांचा फोम असल्याने पाण्याला बाहेर पडण्यास वाट नसते व आतील थर आठवडेच्या आठवडे ओला राहतो. तेथे हवेतील दमटपणाने घट्ट होणारे पॉलियुरेथेन आसंजक वापरतात. कॅनव्हास चिकटविताना मात्र कापडातून पाणी उडून जात असल्याने पायसरूप आसंजक योग्य ठरते. बिजागऱ्या, खिडक्या, दिवे व कुलपे यांच्या जागी फोम कोरून लाकडी ठोकळे आधीच बसवितात. आवरण चढल्यावर ते बसविता येत नाहीत व नुसत्या फोममध्ये स्क्रू धरत नाही.

तक्त्याचे पृष्ठ कारखान्यातून गुळगुळीत येते व त्यावर आसंजक नीट धरत नाही. म्हणून ते काचकागदाने खरखरीत करतात व काटेरी रूळ फिरवून त्यास बारीक भोके पाडतात. भोकांत शिरलेले आसंजक वाळल्यावर लहान खिळ्यांसारखे काम करते. आसंजकात थोडे पाणी मिसळून ते फोमवर लावतात, कॅनव्हास पसरून मध्यापासून कडांकडे दाबत हवा काढून टाकतात व वरून पुन्हा आसंजक चोळून कापड पूर्ण भिजवितात. कडांवर कापडाचे पदर एकमेकांवर ५ ते ८ सेंमी. येऊ देतात. केवळ एकाच बाजूस कॅनव्हास लावून तक्ता दीर्घकाळ तसाच ठेवल्यास कापड आक्रसून तक्ता वाकतो. त्यामुळे दोन्ही पृष्ठे लागोपाठ मढवावी लागतात किंवा तक्ता चौकटीत जखडून ठेवावा लागतो.

जोडणीची परीक्षा सोपी आहे व ती बांधणीच्या आधीच करतात. फोमच्या तुकड्यावर कॅनव्हासची पट्टी चिकटवून ती काही दिवस वाळू देतात व मग ओढून सोलतात. कापडाबरोबर फोमचे कण निघून आले, तर जोड फोमपेक्षा बळकट आहे. कापड स्वच्छ सुटून आले, तर पृष्ठाची तयारी, आसंजक किंवा वाळण्याचा काळ यांत चूक आहे. या परीक्षेला लागणारे चार दिवस वाचविणाऱ्याचा ट्रेलर पहिल्या पावसाळ्यात फुगे धरण्याचा संभव असतो.

शेवटी पाण्यात विरघळणाऱ्या ॲक्रिलिक रंगाचे अनेक लेप देतात. पहिले लेप पातळ असतात, म्हणजे ते विणीत मुरतात. रंग फिकट असणे आवश्यक असते. निःसारित पॉलिस्टायरीन फोम सु. ७४° से.च्या वर वापरण्यायोग्य राहत नाही आणि गडद रंगाचे पृष्ठ कडक उन्हात या तापमानाच्या जवळ जाऊ शकते. जंबुपार किरणांनी फोम पिवळा पडून भुसभुशीत होतो. त्यांपासूनही रंगच संरक्षण करतो. रंगास चीर पडून सुती कापडापर्यंत पाणी पोहोचले, तर ते धाग्यांच्या केशाकर्षणाने दूरवर पसरते, बुरशी येते व जोड सुटू लागतो. त्यामुळे दरवर्षी पाहणी करून छपराचे सांधे, खिडक्यांच्या कडा व तळाचा भाग पुन्हा रंगविणे हा या ट्रेलरच्या वापराचाच भाग होय.

ऊब व हवा : निःसारित फोमची उष्णता संवाहकता फार कमी असते. वरील मापाच्या पेटीत बाहेरच्यापेक्षा १५° से. अधिक तापमान राखल्यास भिंतींतून दर सेकंदास सु. १३० जूल (१३० वॉट) उष्णता बाहेर जाते. झोपलेल्या दोन माणसांच्या शरीरांतून साधारण तेवढीच उष्णता निर्माण होत असते. थंड रात्री शेगडीविना ऊब मिळते ती यामुळे.

परंतु हाच गुण धोक्याचाही होऊ शकतो. तंबूचे कापड हवा येऊ देते. फोमची रंगविलेली पेटी जवळजवळ हवाबंद असते. तिच्यातील सु. ३·५ घ. मी. हवेत दोन माणसे झोपली व सर्व झरोके बंद असले, तर कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण तासाला सु. पाऊण टक्क्याने वाढते. काही तासांत डोकेदुखी व धाप सुरू होण्याइतके व रात्रभरात प्राणघातक पातळीकडे जाण्याइतके हे प्रमाण आहे. शिवाय दोघांच्या श्वासातून व त्वचेतून रात्रभरात अर्धा लिटर किंवा अधिक पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते व थंड पृष्ठांवर साचते. म्हणून खाली एक व छपराजवळ एक असे बंद न करता येणारे झरोके ठेवणे अनिवार्य आहे. त्यांतून ऊब जाते, पण ती किंमत देणे भाग असते.

अग्नी : पॉलिस्टायरीन तापल्यावर वितळते, वितळलेले थेंब पेट घेतात व दाट, काळा, विषारी धूर निघतो. तक्त्यांत ज्वालारोधक मिसळलेले असले, तरी ते लहान ठिणगीपुरतेच उपयोगी असतात. मोठ्या ज्वाळेपुढे फोम जळतोच. अशा प्रकारचे हेक्झाब्रोमोसायक्लोडोडेकेन हे जुने ज्वालारोधक पर्यावरणात दीर्घकाळ टिकून राहत असल्याने २०१३ मध्ये स्टॉकहोम कराराच्या निषिद्ध द्रव्यांच्या यादीत घालण्यात आले. घरांमध्ये असा फोम राहत्या खोलीच्या बाजूने उघडा ठेवू देत नाहीत. अमेरिकेतील इमारत-नियमांनुसार त्यावर सु. १२·७ मिमी. जाडीचे जिप्समचे तक्ते किंवा त्या तोडीचे आवरण असावे लागते. कॅनव्हास व रंग यांची त्याच्याशी तुलना होऊ शकत नाही. सबब या ट्रेलरमध्ये शेगडी, मेणबत्ती, कंदील व धूम्रपान पूर्णतः वर्ज्य मानतात आणि स्वयंपाक बाहेर, ट्रेलरपासून दूर करतात. बाहेर पडण्यासाठी परस्परविरुद्ध बाजूंना दोन वाटा, धूरसूचक व कार्बन मोनॉक्साइड-सूचक ही उपकरणे आणि विजेच्या प्रत्येक तारेस फ्यूज ही किमान व्यवस्था होय. वजन वाचविण्यासाठी यांपैकी काहीही वगळणे समर्थनीय नाही.

रस्त्यावरील स्थैर्य : ट्रेलर हलका असला, तरी त्याचे वजन योग्य जागी असावे लागते. गुरुत्वमध्य आसाच्या मागे गेल्यास ट्रेलर डावी-उजवीकडे डोलू लागतो. वेग वाढेल तसे हे डोलणे वाढून ओढणारी गाडीही उलटू शकते. अमेरिकेतील प्रचलित नियमानुसार एकूण वजनाचा १० ते १५% भाग जोडणीच्या टोकावर येईल अशी योजना करतात. विद्युत् घट व पाणी आसाच्या पुढे ठेवतात. ताशी ९० किमी. वेगाच्या आडव्या वाऱ्याचा वरील मापाच्या भिंतीवर सु. १,१०० न्यूटन (सु. ११० किग्रॅ. वजनाइतका) जोर येतो, रिकामा, उभा ठेवलेला हलका ट्रेलर त्यामुळे कलंडू शकतो व तो दोरांनी जमिनीशी बांधून ठेवावा लागतो.

भारतातील संदर्भ : मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील व्याख्येनुसार ट्रेलरचाही मोटार वाहनात समावेश होतो. त्यामुळे घरी बांधलेला ट्रेलर सार्वजनिक रस्त्यावर आणण्यापूर्वी नोंदणीचा प्रश्न उद्भवतो व तो बांधणी सुरू करण्याआधीच परिवहन अधिकाऱ्यांकडे सोडवून घेणे इष्ट ठरते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. हवामानाचा विचार करता कोकणातील दीर्घ पावसाळा सुती आवरणाच्या, तर विदर्भातील उन्हाळा फोमच्या सहनशक्तीची कसोटी पाहणारा आहे. पहिल्या ठिकाणी रंगलेपांची संख्या व छपराचा उतार यांना, तर दुसऱ्या ठिकाणी पांढरा रंग व सावली यांना विशेष महत्त्व येते.

गुणदोष : कमी वजन, कमी खर्च, साधी हत्यारे, उत्तम उष्णतानिरोधन व सोपी दुरुस्ती हे या पद्धतीचे गुण आहेत. खोच पडल्यास ती भरून वर कॅनव्हासचे ठिगळ चिकटवता येते. ज्वलनशीलता, एकवटलेल्या भारापुढील दुर्बलता, अपघातात आतील माणसांस नगण्य संरक्षण आणि रंगाच्या निगेवरील अवलंबन हे दोष होत. चालत्या ट्रेलरमध्ये माणसे बसवीत नाहीत. शिवाय कापड, आसंजक व फोम वेगळे करता येत नसल्याने निकामी झालेल्या ट्रेलरचा पुनर्वापर होत नाही. कापताना उडणारा फोमचा चुराही नष्ट न होता माती व पाण्यात राहतो, म्हणून तो गोळा करावा लागतो. कोरडे ठेवलेले व वेळोवेळी रंगविलेले आवरण दीर्घकाळ टिकते; दुर्लक्षित आवरणाचा ऱ्हास प्रथम एखाद्या सांध्यापाशी, बाहेरून न दिसणाऱ्या ओलीने सुरू होतो.